इन्सुलिनवाल्या चार्ल्सची दुसरी इनिंग

तो ब्लॅक अँड व्हाइट फोटो तुम्ही कुठल्या ना कुठल्या पुस्तकात पाहिलेला असणार. इमारतीची गच्ची, दोन तरुण, आणि दोघांच्या मध्ये एक कुत्रा. खाली ओळ असते, इन्सुलिनचे संशोधक बँटिंग आणि बेस्ट. आपण एक मार्काचा प्रश्न पाठ करतो आणि पान उलटतो.

आज त्यातल्या धाकट्याबद्दल बोलूया. चार्ल्स बेस्ट. (हो, आडनाव खरंच बेस्ट. मुंबईकरांनी बसचे सगळे जोक मनातल्या मनात मारून घ्यावेत, मग पुढे वाचावं.) १९२१ च्या उन्हाळ्यात तो फोटो काढला तेव्हा हा मुलगा २२ वर्षांचा होता. मीही आत्ता २२ ची आहे आणि माझी आजवरची मोठी कामगिरी म्हणजे तीन असाइनमेंट एकाच रात्रीत संपवणं, त्यामुळे तुलना नकोच. पण एक प्रश्न मात्र डोक्यातून जात नव्हता. ज्याचं नाव तेविसाव्या वर्षी जगभर झालं, त्यानं उरलेल्या आयुष्यात केलं काय? कारण हा माणूस ७९ वर्षं जगला.

उत्तर शोधत गेलं की आपण थेट डायलिसिसच्या वॉर्डात पोचतो. तुमच्या घरात, बिल्डिंगमध्ये किंवा गावात कुणाचं डायलिसिस चालू असेल, तर आठवड्यातून दोन-तीन वेळा त्या माणसाच्या रक्तात हेपॅरिन नावाचं औषध जातं. मशीनमध्ये रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. हेपॅरिनचा शोध बेस्टनं लावलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. ते माणसाच्या शिरेत बिनधास्त देता येईल इतकं स्वच्छ करायचं काम त्यानं आणि त्याच्या टीमनं केलं. ऐकायला हे दुय्यम वाटतं. ते तसं का नाही, हे सांगायला जरा मागे जावं लागेल.

चार्ल्सचा जन्म २७ फेब्रुवारी १८९९ चा. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेला चिकटून असलेलं वेस्ट पेम्ब्रोक नावाचं खेडं, वडील तिथले डॉक्टर. आईवडील मूळचे कॅनडाचे, त्यामुळे कॉलेजसाठी तो टोरांटोला गेला. मध्येच पहिलं महायुद्ध आलं. पठ्ठ्या सैन्यात भरती होऊन इंग्लंडपर्यंत पोचला, पण लढाईवर जायच्या आत युद्ध संपलं. परत येऊन डिग्री पूर्ण केली. घरात एक दुखणं होतं. त्याच्या आत्याला मधुमेह झाला होता आणि त्यातच ती गेली. त्या काळी मधुमेह म्हणजे उपासमारीसारखं पथ्य आणि मग मृत्यूची वाट पाहणं, एवढंच होतं.

१९२१ मध्ये प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या लॅबमध्ये फ्रेडरिक बँटिंग नावाचा एक सर्जन एक कल्पना घेऊन आला. त्याला मदतनीस हवा होता. मॅक्लाउडकडे दोन विद्यार्थी होते, चार्ल्स बेस्ट आणि क्लार्क नोबल. दोघांनी चक्क नाणं उडवलं आणि पहिली पाळी चार्ल्सच्या वाट्याला आली. आजच्या भाषेत समर इंटर्नशिप, तीही सुरुवातीला बिनपगारी. काम काय, तर कुत्र्यांच्या रक्तातली आणि लघवीतली साखर मोजत बसणं.

पुढची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, पण तिच्यातला एक तुकडा पुस्तकं घाईत उरकतात आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. ११ जानेवारी १९२२ ला टोरांटोच्या हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. ते बँटिंग आणि बेस्टनं स्वतः तयार केलेल्या अर्काचं होतं. साखर जेमतेम उतरली आणि सुई टोचली तिथे गळू झालं. अर्कात कचरा फार होता. ते थांबवावं लागलं. मग जेम्स कॉलिप या बायोकेमिस्टनं तो अर्क शुद्ध केला, २३ जानेवारीला मुलाला परत इंजेक्शन दिलं आणि या वेळी साखर झपाट्यानं खाली आली. मधले दिवस फक्त बारा. द्रव्य तेच, तत्त्व तेच. फरक होता तो साफसफाईचा.

त्यानंतर बेस्टला टोरांटो विद्यापीठाच्या कॉनॉट लॅबोरेटरीजमध्ये इन्सुलिन बनवायच्या कामावर नेमलं. वय २३. लहान बाटलीत जे जमत होतं ते मोठ्या भांड्यात जमेना, काही आठवडे तर इन्सुलिन हाती लागणंच बंद झालं. इकडे पोरं मरत होती. खाटीकखान्यातून स्वादुपिंडं आणायची, कुटायची, अल्कोहोलमध्ये घालायची, गाळायची, आणि प्रत्येक पायरीला काय बिघडलं ते शोधायचं, हे त्यानं तिथं अंगावर घेतलं. माझ्या मते त्याचं खरं शिक्षण हे. १९२३ चं नोबेल बँटिंग आणि मॅक्लाउडना मिळालं, बेस्टला नाही. बँटिंगनं चिडून स्वतःच्या रकमेतला अर्धा हिस्सा त्याला दिला.

विचार करा, तुम्ही त्या जागी असता तर? नोबेल हुकलंय पण नाव झालंय. आयुष्यभर भाषणं देत फिरता आलं असतं. चार्ल्सनं उलट परत अभ्यास सुरू केला. १९२४ मध्ये मार्गारेट मेहॉनशी लग्न, १९२५ मध्ये डॉक्टरकीची पदवी, मग लंडनला हेन्री डेल या मोठ्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काही वर्षं. १९२९ मध्ये, तिशीत, तो टोरांटोत फिजिऑलॉजीचा प्राध्यापक झाला. मॅक्लाउड सरांचीच खुर्ची. आणि त्याच सुमारास त्यानं हेपॅरिन हातात घेतलं.

इथे थोडं थांबून रक्ताकडे बघूया, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. बोट कापलं की काही मिनिटांत रक्त थांबतं. ते थांबतं म्हणून आपण जिवंत आहोत. पण रक्ताला बोट आणि प्लास्टिकची नळी यातला फरक कळत नाही. रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर सोडून दुसऱ्या कशालाही ते टेकलं, काच असो, रबर असो, की प्लास्टिक, की काहीतरी फुटलंय असं समजून ते गोठायला लागतं. आता डायलिसिस बघा. मिनिटाला साधारण ३०० मिली रक्त बाहेर काढलं जातं, केसासारख्या बारीक हजारो पोकळ धाग्यांमधून फिरवलं जातं, आणि परत अंगात सोडलं जातं. चार तास. हिशेब केला तर सत्तरेक लिटर. तुमच्या अंगात एकूण असतं पाचेक लिटर, म्हणजे तेच रक्त पुन्हा पुन्हा परक्या भिंतींना घासून येतं. गोठण्याला अडवलं नाही तर ते धागे एकेक करून तुंबतात, रक्ताची सफाई अर्धवट राहते, आणि मशीनमध्ये अडकलेलं रक्त फेकून द्यावं लागतं. किडनीच्या पेशंटच्या अंगात रक्त आधीच कमी असतं, त्यात हा तोटा.

हे संकट मशीन बनवणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. १९१३ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन एबल यांनी प्राण्यांवर पहिली कृत्रिम किडनी चालवली तेव्हा त्यांनी रक्त गोठू नये म्हणून काय वापरलं असेल? जळू! जळू चावली की रक्त वाहतच राहतं, हे आपल्याकडे आयुर्वेदवाले जळवा लावतात तेव्हा बघायला मिळतं. जळवांच्या डोक्यातून काढलेल्या त्या द्रव्याचं नाव हिरुडिन. १९२४ मध्ये जर्मनीतल्या गीसेन गावात जॉर्ज हास या डॉक्टरनं माणसावर पहिलं डायलिसिस केलं, जेमतेम १५ मिनिटं, तेही हिरुडिनवरच. पण ते हिरुडिन अशुद्ध. पेशंटना त्याचा त्रास व्हायचा. १९२८ मध्ये हासनं हेपॅरिन वापरून पाहिलं आणि ते त्याला कितीतरी बरं वाटलं. पण तोवर मिळणारं हेपॅरिनही काही खास नव्हतं, पेशंट वाचत नव्हते, आणि आजूबाजूच्या बड्या डॉक्टरांना यात काही राम वाटत नव्हता. हासनं तो नाद सोडला.

आणि हे हेपॅरिन कुठून आलं? १९१६ मध्ये बाल्टिमोरमध्येच जे मॅक्लीन नावाचा मेडिकलचा विद्यार्थी (परत विद्यार्थी!) रक्त गोठवणारं द्रव्य शोधत होता आणि त्याला हाती लागलं बरोबर उलटं, रक्त गोठू न देणारं. त्याच्या प्राध्यापकांनी, विल्यम हॉवेल यांनी, पुढे यकृतातून असंच एक द्रव्य काढलं आणि यकृताच्या ग्रीक नावावरून १९१८ मध्ये त्याचं बारसं केलं, हेपॅरिन. कुणाचं क्रेडिट किती, यावर नंतर भरपूर भांडण झालं, त्यात आपण पडायला नको. मुद्दा असा की बाल्टिमोरच्या एका कंपनीनं ते विकायलाही काढलं, पण माणसाला दिलं की ताप, डोकेदुखी, मळमळ. लॅबमधल्या बाटलीत छान, शिरेत नको. आणि महागही.

लिओनार्डला झालेलं गळू आठवतंय ना? बेस्टच्या समोर १९२९ च्या सुमारास तोच प्रश्न नव्यानं उभा होता. द्रव्य आहे, काम करतंय, पण घाणीत लडबडलेलं आहे. या वेळी त्याच्याकडे कॉनॉट लॅबोरेटरीज होती, खाटीकखान्याशी जुनी ओळख होती आणि दोन पक्के केमिस्ट होते, आर्थर चार्ल्स आणि डेव्हिड स्कॉट. प्रत्यक्ष हातानं काम या दोघांचं. बेस्टचं काम दिशा ठरवायचं आणि वर्षानुवर्षं ते चालू ठेवायचं.

सुरुवात गायीगुरांच्या यकृतापासून झाली. मग यकृत महाग व्हायला लागलं तसं त्यांनी इतर अवयव तपासले, आणि फुप्फुसात भरपूर हेपॅरिन सापडलं. फुप्फुसं स्वस्त. पण कृती ऐका. मांस बारीक करायचं आणि आधी चक्क सडू द्यायचं, म्हणजे हेपॅरिन मोकळं होतं. मग अल्कलीत उकळायचं, आम्ल घालून खाली बसवायचं, अल्कोहोलनं चरबी धुवायची, मग प्रथिनं काढायची, पुन्हा धुवायचं. वास इतका भयंकर की विद्यापीठाच्या इमारतीत ते करणं अशक्य झालं, आणि हे काम शहराबाहेर कॉनॉटच्या फार्मवर न्यावं लागलं. इन्सुलिनसारखा एका उन्हाळ्यात निकाल लागणारा हा मामला नव्हता. १९३३ मध्ये त्यांचे पहिले महत्त्वाचे पेपर आले, १९३६ पर्यंत ते स्फटिकाच्या रूपात मिळायला लागलं. सात-आठ वर्षं, सडक्या फुप्फुसांसोबत. यावर सिनेमा निघणार नाही.

शुद्ध झाल्यानं नुसते ताप-थंडीचे त्रास गेले असं नाही. दुसरी गोष्ट जास्त मोठी होती, मोजता यायला लागलं. अशुद्ध द्रव्यात आज एका चिमटीत किती ताकद आणि उद्या किती, याचा भरवसा नसतो. शुद्ध पावडर हाताशी आली की तिच्याशी ताडून प्रत्येक बॅचची ताकद युनिटमध्ये ठरवता येते. आज नर्स सिरिंजमध्ये इतकी युनिट हेपॅरिन भरते, ती युनिटची भाषा यातून आली. ज्या औषधाचा डोस थोडा कमी पडला तर गुठळी आणि थोडा जास्त झाला तर रक्तस्राव, तिथे मोजता न येणारं औषध म्हणजे डोळे मिटून रस्ता ओलांडणं.

टोरांटो जनरल हॉस्पिटलमध्ये गॉर्डन मरे नावाचा सर्जन होता, धडाडीचा आणि थोडा तिरसट. बेस्टनं त्याला सोबत घेतलं. मरेनं आधी कुत्र्यांवर दाखवून दिलं की जखमी शिरेत होणारी गुठळी हेपॅरिननं टळते, आणि १९३५ मध्ये शुद्ध हेपॅरिन माणसाला दिलं गेलं. त्यांच्या डोळ्यापुढे तेव्हा डायलिसिस नव्हतं, ऑपरेशननंतर पायात होणारी आणि सुटून फुप्फुसात जाणारी गुठळी होती. तिकडे स्टॉकहोममध्ये एरिक यॉर्पेस यांनीही, टोरांटोला भेट देऊन गेल्यावर, हेच काम उचललं. पण बेस्टच्या लॅबमधला १९३८ चा एक प्रयोग आपल्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. प्राण्याचं रक्त अंगाबाहेर एका पारदर्शक कप्प्यातून फिरवायचं आणि आत काय होतं ते बघत बसायचं. हेपॅरिन नसलं की पांढरट गुठळ्या भिंतीला चिकटायला लागायच्या. हेपॅरिन दिलं की नाही. डायलिसिस मशीनच्या नळीत जे घडतं तेच, मशीन यायच्या आधी.

सुरक्षेचा आणखी एक तुकडा त्याच काळात जुळला. १९३७ मध्ये प्रोटामाइन हे माशांच्या वीर्यातून मिळणारं प्रथिन हेपॅरिनचा परिणाम काढून टाकतं, हे लक्षात आलं. म्हणजे ॲक्सिलरेटरसोबत ब्रेक मिळाला. गंमत अशी की हेच प्रोटामाइन त्याच्या वर्षभर आधी डेन्मार्कमध्ये इन्सुलिनमध्ये मिसळलं गेलं होतं, इन्सुलिनचा असर लांबवायला. बेस्टच्या दोन्ही कामांना एकाच माशानं हात लावला!

मग १९४३. जर्मनांनी व्यापलेल्या हॉलंडमध्ये, काम्पेन नावाच्या लहान गावात, विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरनं सॉसेजच्या पातळ सेलोफेनची लांबलचक नळी एका फिरत्या ड्रमला गुंडाळली आणि तिच्यातून पेशंटचं रक्त फिरवलं. हे त्याला का जमलं आणि हासला का नाही? सेलोफेन हे एक कारण, आणि भरवशाचं हेपॅरिन हे दुसरं. १५ मिनिटांऐवजी तासन्‌तास रक्त बाहेर फिरवता येत होतं. तरी त्याचे पहिले जवळजवळ सगळे पेशंट गेले. सप्टेंबर १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई कोमातून जागी झाली, तो पहिला खरा विजय. आणि डिसेंबर १९४६ मध्ये टोरांटोत, ज्या शहरात हेपॅरिन धुऊन स्वच्छ झालं त्याच शहरात, गॉर्डन मरेनं स्वतः बनवलेल्या मशीनवर किडनी बंद पडलेल्या २६ वर्षांच्या तरुणीला वाचवलं. हो, तोच मरे.

आता आजच्या वॉर्डात या. खुर्चीवर बसलेल्या काकांना सुरुवातीला हेपॅरिनचा एक डोस मिळतो, मग सिरिंज पंपातून थोडं थोडं जात राहतं, आणि फिस्टुला असेल तर साधारण शेवटचा अर्धा-एक तास ते बंद ठेवतात, म्हणजे सुया काढल्यावर रक्त वेळेत थांबतं. हे जमतं कारण हेपॅरिनचा असर लवकर ओसरतो, दीडेक तासात निम्म्यावर येतो. त्याला सगळे रक्त पातळ करायचं इंजेक्शन म्हणतात, पण ते रक्त पातळ करत नाही आणि झालेली गुठळीही विरघळवत नाही. आपल्याच रक्तात अँटिथ्रॉम्बिन नावाचं गोठण्याला आवर घालणारं प्रथिन असतं, हेपॅरिन त्याला शेकडो पटींनी चपळ करतं. इतकंच.

त्यामुळे धोका दोन्ही बाजूंनी असतो, आणि तो कमी करायला वॉर्डातल्या लोकांना तुमच्याकडून माहिती लागते. आजोबांना डायलिसिसला तुम्ही नेत असाल तर कालच दात काढलाय, परवा बाथरूममध्ये पडून डोकं आपटलं, शौच काळी होतेय, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे, हृदयासाठी गोळी नवी सुरू झालीय, हे सुई टोचायच्या आधी टेक्निशियनला सांगायचं. ताईची किंवा आईची पाळी जोरात चालू असेल तर तेही, लाजायचं नाही. मग डॉक्टर डोस कमी करतात किंवा हेपॅरिन न देताच डायलिसिस करतात, दर थोड्या वेळानं सलाइननं नळ्या धुत. काही ठिकाणी सायट्रेट वापरतात, जे मशीनमधल्या रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, कारण कॅल्शियमशिवाय रक्त गोठत नाही. एकेकाळी मशीनच्या तोंडाशी हेपॅरिन आणि परतीच्या वाटेवर प्रोटामाइन असाही प्रकार चालायचा, पण काही तासांनी हेपॅरिनचा असर उलटून यायचा आणि पेशंटला रक्तस्राव व्हायचा, म्हणून तो मागे पडला. क्वचित कुणाचं शरीर हेपॅरिनविरुद्धच उठतं आणि प्लेटलेट घसरतात, त्यांना ते पूर्ण बंद करावं लागतं.

आणि शुद्धतेचं प्रकरण? ते काही १९३६ ला मिटलं नाही. आज हेपॅरिन मुख्यतः डुकराच्या आतड्यातून काढतात. २००७ च्या शेवटी अमेरिकेत सेंट लुइसच्या एका डायलिसिस विभागात मुलांना हेपॅरिन दिल्यावर काही मिनिटांत चेहरा सुजणं, बीपी कोसळणं असं व्हायला लागलं. तपासाअंती कळलं की चीनमधून आलेल्या कच्च्या मालात हेपॅरिनसारखंच दिसणारं एक स्वस्त रसायन मिसळलेलं होतं आणि नेहमीच्या टेस्टमध्ये ते सापडतच नव्हतं. अनेक मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला गेला. २००८ मध्ये औषध परत बोलावलं गेलं, टेस्ट बदलल्या. बेस्टच्या टीमनं जी डोकेफोड केली तिची गरज किती होती, हे सत्तर वर्षांनी असं कळावं, हे वाईटच.

आणखी एक गोष्ट, जी मला हे सगळं वाचताना सगळ्यात जास्त लागली. किडनी निकामी होण्याचं एक मोठं कारण म्हणजे मधुमेह. म्हणजे त्या खुर्चीवरच्या काकांना घरी सकाळी इन्सुलिन आणि इथे हेपॅरिन, अशी दोन्ही इंजेक्शनं लागत असतील, अशी शक्यता बरीच आहे. इन्सुलिन आलं नसतं तर त्यातले कितीतरी जण किडनी बिघडायच्या वयापर्यंत पोचलेच नसते. म्हणजे त्याच्या पहिल्या कामानं वाचलेली माणसं म्हातारपणी त्याच्या दुसऱ्या कामाच्या दारात येतात.

वॉर्डातून परत टोरांटोला जाऊया. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा बेस्टनं जखमी सैनिकांसाठी रक्ताचं सीरम वाळवून पाठवायचा उपक्रम उभा केला. फेब्रुवारी १९४१ मध्ये बँटिंग विमान अपघातात गेला. दोघांचे संबंध तोवर आंबले होते, फोटोतली ती दोस्ती उरली नव्हती. दोघांच्या नावानं चालणाऱ्या संशोधन विभागाचा प्रमुख मग बेस्टच झाला. मानसन्मान ढीगभर मिळाले. पण इन्सुलिनच्या श्रेयाचा सल त्याच्या मनातून गेला नाही. उत्तर आयुष्यात त्यानं ती गोष्ट सांगताना आपला वाटा वाढवून सांगितला, मॅक्लाउड आणि कॉलिपना मागे ढकललं, असं इतिहासकारांनी पुढे कागदपत्रांवरून दाखवलं. हे लपवायचं कारण नाही. हुशार माणसंही एका गोष्टीत अडकून राहतात. नैराश्याचा त्रासही त्याला झाला.

हेपॅरिनच्या बाबतीत मात्र तो असा वागलेला दिसत नाही. १९५९ मध्ये त्यानं त्या कामाचा इतिहास एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिला, ज्या वर्षी जे मॅक्लीनचा लेखही, त्याच्या मृत्यूनंतर, तिथेच छापून आला. हे काम बऱ्याच जणांचं होतं, आणि त्यासाठी त्याला कुणाशी भांडावं लागलं नाही. कदाचित म्हणूनच ते आपल्या पुस्तकात आलं नसेल.

मार्च १९७८ मध्ये त्याचा थोरला मुलगा सँडी हार्ट ॲटॅकनं गेला. ती बातमी ऐकल्यावर लगेचच बेस्टच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुटली आणि ३१ मार्चला टोरांटोत त्याचा मृत्यू झाला. शहरातल्या माउंट प्लेझंट स्मशानभूमीत त्याला पुरलं. बँटिंगची कबरही त्याच स्मशानभूमीत आहे.